नाव, नदी आणि प्रवाह: गणित सोडवताना नेमकं बसायचं कुठे?

काठावरची

भाची अकरावी सायन्सला आहे. सापेक्ष वेगाच्या धड्यात नावेची गणितं आली आणि गाडी अडली. सूत्रं सगळी पाठ आहेत, पण गणित जरा वळवून विचारलं की "मावशी, इथे बेरीज करू की वजाबाकी?" सुरू होतं. माझं गणित सुटून बरीच वर्षं झाली, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. नुसती उत्तरं नकोत, ती पुस्तकाच्या शेवटी आहेतच. विचार कसा करायचा ते सांगा.

१. एक जण प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवतोय. पुलाखालून जाताना त्याची टोपी पाण्यात पडते. २० मिनिटांनी लक्षात येतं, तो लगेच होडी वळवतो आणि पुलाच्या खाली २ किमीवर टोपी गाठतो. वल्हवण्याचा जोर कायम तोच. प्रवाहाचा वेग किती?

२. नदी ६०० मीटर रुंद. प्रवाह सेकंदाला ३ मीटर. मोटारबोटीचा संथ पाण्यातला वेग सेकंदाला ५ मीटर. (अ) कमीत कमी वेळात पलीकडे कसं जायचं? (आ) बरोबर समोरच्या धक्क्यालाच लागायचं असेल तर?

३. नदी तेवढीच रुंद, पण आता प्रवाह ५ आणि बोट ३. कमीत कमी किती वाहून जाऊन पलीकडे पोचता येईल?

पहिल्या गणितात होडीचा वेगच दिलेला नाही, त्यामुळे ते चुकीचं छापलंय असं भाचीचं ठाम मत आहे.

---

परीक्षार्थी

बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांना हे हमखास येतं. दोन ओळी लक्षात ठेवा, बास.

होडीचा वेग = (प्रवाहाबरोबरचा वेग + प्रवाहाविरुद्धचा वेग) ÷ २
प्रवाहाचा वेग = (प्रवाहाबरोबरचा वेग − प्रवाहाविरुद्धचा वेग) ÷ २

"तेवढंच अंतर उलट जायला दुप्पट वेळ लागतो" असं दिसलं की डोळे मिटून होडी : प्रवाह = ३ : १. तिप्पट वेळ असेल तर २ : १. एका गणिताला तीस सेकंद पुरतात. दुसरं-तिसरं आमच्या अभ्यासक्रमात नसतं, त्यामुळे पास.

---

सरळरेषा

परीक्षार्थी, तुमच्या दोन ओळी बरोबरच आहेत. पण त्या भाचीला पाठ आहेत आणि तरी ती अडली आहे, म्हणजे दुखणं वेगळं आहे. ती काठावर बसून गणित करते आहे. पाण्यात उतरून करायला हवं.

टोपीचंच घ्या. पाण्याबरोबर वाहणाऱ्या माणसाला काय दिसेल? टोपी जागच्या जागी तरंगते आहे. होडी तिच्यापासून २० मिनिटं दूर गेली, वळली आणि त्याच जोराने परत आली. परत यायला किती वेळ? वीसच मिनिटं, दुसरं काही होऊच शकत नाही. लोकलच्या डब्यात रुमाल पडला आणि वीस पावलांनी लक्षात आलं, तर परत वीसच पावलं चालावी लागतात. गाडी फास्ट होती की स्लो, दादरकडे चालली होती की ठाण्याकडे, काय फरक पडतो?

म्हणजे एकूण ४० मिनिटं टोपी पाण्यावर होती आणि तेवढ्यात पुलापासून २ किमी वाहिली. तासाला ३ किमी. झालं. होडीचा वेग दिला नाही कारण तो लागतच नाही.

---

शंकासुर

पटत नाही. जाताना होडी प्रवाहाविरुद्ध, म्हणजे हळू. येताना प्रवाहाबरोबर, म्हणजे जोरात. मग वेळ सारखा कसा? येताना कमीच लागायला हवा.

---

सरळरेषा

येताना होडी जोरात येते, पण टोपीही तोवर लांब गेलेली असते. दोन्ही गोष्टी बरोबर फिटतात. काठावरूनच बघायचं असेल तर बघा. होडीचा वेग न, प्रवाहाचा प, जाण्याचा वेळ व आणि परतीचा वेळ क.

होडी वर गेली: (न − प) × व
टोपी एकूण वाहिली: प × (व + क)
परतीत होडीने कापलेलं अंतर या दोन्हींची बेरीज: (न + प) × क

म्हणजे (न − प)व + प(व + क) = (न + प)क. डावीकडे पव ला पव जातो आणि दोन्ही बाजूंचा पक जातो. उरतं नव = नक. म्हणून व = क.

एवढी मारामारी करून जे मिळालं ते पाण्यात बसून आधी एका वाक्यात मिळालं होतं. अर्थात दोन्हीकडून एकदा करून बघावंच. त्याशिवाय पहिल्या पद्धतीवर विश्वास बसत नाही.

---

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत होतो, त्यामुळे दुसरं आणि तिसरं माझ्याकडे. आमच्याकडे साइन-कोसाइन नंतर, आधी नकाशावर पेन्सिल आणि कंपास. भाचीला कोरा कागद घ्यायला सांगा.

(आ) आधी घेऊ. आपण जिथे आहोत तो बिंदू अ. समोरच्या धक्क्याच्या दिशेने अ पासून एक लांब रेघ काढा, आपल्याला याच रेघेवरून जायचंय. आता अ पासूनच प्रवाहाच्या दिशेने ३ सेंमी रेघ काढा, तिचं टोक ब. याचा अर्थ, इंजिन बंद ठेवलं तर एका सेकंदात आपण ब ला असू. कंपासमध्ये ५ सेंमी घ्या, ब वर टोक ठेवा आणि धक्क्याच्या रेघेला छेद द्या. तो बिंदू क. ब ते क ही बोटीच्या नाकाची दिशा आणि अ ते क हा काठावरून दिसणारा खरा वेग. पट्टीने मोजा, ४ सेंमी भरेल. ३-४-५ चा त्रिकोण. ६०० भागिले ४, म्हणजे १५० सेकंद. नाक सरळ रेषेपासून साधारण ३७ अंश प्रवाहाच्या वर.

(अ) साठी चित्रसुद्धा नको. पलीकडे नेणारा वेग फक्त बोटीचा, प्रवाह रुंदीच्या दिशेने ढकलतच नाही. मग पाचच्या पाच मीटर पलीकडे जाण्यातच घाला, म्हणजे नाक सरळ समोर. १२० सेकंद. तेवढ्यात ३ × १२० = ३६० मीटर खाली वाहून जाल, ते ओघाने आलंच.

पोरं गडबडतात ती इथे. "कमी वेळ" आणि "कमी अंतर" या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि पेपर काढणारा मुद्दाम एकसारखी वाक्यरचना करतो.

आता तिसरं. प्रवाहाची रेघ ५ सेंमी, कंपासमध्ये ३. ब वर टोक ठेवून फिरवा. धक्क्याच्या रेघेपर्यंत कंपास पोचतच नाही. म्हणजे समोर लागणं अशक्य, हे कागदानेच सांगितलं. मग त्यातल्या त्यात बरं काय? ते वर्तुळ पूर्ण काढा आणि अ पासून त्याला स्पर्शिका काढा. ती स्पर्शिका म्हणजे कमीत कमी वाहून जाण्याचा मार्ग. स्पर्शबिंदूशी काटकोन असतो, म्हणून पुन्हा ३-४-५. नाक ३७ अंश वर, पलीकडे जाण्याचा वेग २.४, खाली वाहण्याचा ३.२, वेळ २५० सेकंद, वाहून जाणं ८०० मीटर.

---

काठावरची

दर्यावर्दी, कंपासची युक्ती भलतीच आवडली आहे तिला. आत्ता टेबलावर कागदांचा ढीग पडलाय. पण तिची एक शंका आहे. तिसऱ्यात नाक आणखी वर का नाही करायचं? जेवढं प्रवाहाविरुद्ध तोंड, तेवढं कमी वाहून जाऊ ना?

---

दर्यावर्दी

छान प्रश्न. करून बघा म्हणावं. ३७ ऐवजी ५३ अंश घेऊ. बोटीच्या ३ पैकी २.४ प्रवाहाशी भांडण्यात गेले, खाली वाहण्याचा वेग २.६ वर आला. इथवर फायदा. पण पलीकडे जायला उरले फक्त १.८, म्हणून वेळ लागला ३३३ सेकंद. २.६ × ३३३ म्हणजे सुमारे ८६७ मीटर. वाढलं की! उलट नाक सरळ समोर ठेवलं तर २०० सेकंद आणि १००० मीटर. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सगळ्यात कमी असणार, आणि ते कुठे हे स्पर्शिका सांगते.

---

पैलतीर

पणजीकर आहे, रायबंदर-चोडण फेरीबोटीने बरंच जाणं-येणं झालंय. वरच्या गणितातलं तिरकं नाक तिथे रोज बघायला मिळतं. धक्का सोडला की फेरीबोट सरळ समोर तोंड करत नाही. तिरकीच चालते आणि तरी जवळजवळ सरळ पलीकडे लागते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा भलतीकडेच निघाला.

मजा पुढे आहे. मांडवीत तिथवर भरती-ओहोटी असते. ओहोटीला पाणी समुद्राकडे, भरतीला उलटं आत. त्यामुळे सकाळी जी फेरीबोट नाक उजवीकडे ठेवून गेली, तीच काही तासांनी डावीकडे ठेवून जाते. मधे एक वेळ अशी येते की पाणी जवळजवळ थांबतं आणि फेरी सरळ जाते. भाचीच्या पुस्तकात प्रवाहाला एकच दिशा असणार, खाडीच्या गावच्या पोरांना हे गणित दोन्ही चिन्हांनी येतं.

आणि हो, सेकंदाला ३ मीटर म्हणजे तासाला जवळपास ११ किमी. असल्या पाण्यात कोणी शहाणा होडी घालत नाही. पुस्तकवाल्यांना ३-४-५ हवं असतं, दुसरं काय!

---

शंकासुर

टोपीचं मान्य केलं. आता हे सांगा. नदीकाठच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला बोट जाते आणि परत येते. जाताना प्रवाहाने मदत केली, येताना तेवढाच त्रास दिला. हिशोब फिटला. म्हणजे एकूण वेळ संथ पाण्याइतकाच. बरोबर ना?

---

परीक्षार्थी

नाही! हे आमच्याकडे नेहमी विचारतात. अंतर २४ किमी, होडी तासाला १०, प्रवाह २. जाताना १२ ने २ तास, येताना ८ ने ३ तास. ४८ किमीला ५ तास, सरासरी ९.६. संथ पाण्यात ४.८ तासांत झालं असतं.

---

सरळरेषा

आणि कारण असं की प्रवाह मदत करतो २ तास, त्रास देतो ३ तास. वेग तेवढाच कमी-जास्त झाला तरी आपण त्रासाच्या बाजूला जास्त वेळ असतो. प्रवाह नावेच्या वेगाजवळ गेला की परतीचा वेळ वाढतच जातो, आणि बरोबरीला आला की परत येणंच नाही.

यातून एक मोठी गोष्ट निघाली आहे, म्हणून थोडं विषयांतर. दुसऱ्या गणितातलीच बोट घ्या, ५ आणि ३. आडवं ६०० मीटर जाऊन परत यायला १५० अधिक १५०, म्हणजे ३०० सेकंद. आता प्रवाहाच्या रेषेत ६०० मीटर खाली जाऊन परत या: ७५ अधिक ३००, म्हणजे ३७५. अंतर सारखं, पाणी तेच, तरी लांबीच्या दिशेने जाणारी बोट दर वेळी हरते. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्ये हीच शर्यत प्रकाशाच्या दोन किरणांची लावली. प्रकाश ज्या माध्यमातून जातो असं तेव्हा मानत, ते म्हणजे ईथर. पृथ्वी ईथरमधून धावते आहे, म्हणजे आपल्या अंगावर ईथरचा प्रवाह येत असणार. तर मग काटकोनात पाठवलेल्या दोन किरणांच्या वेळात फरक पडायला हवा. अपेक्षेइतका फरक मिळालाच नाही, आणि या धक्क्यातून भौतिकशास्त्राला पुढे सावरावं लागलं. अकरावीच्या मुलीला एवढं जरूर सांगा की तिचं गणित नुसतं मार्कांपुरतं नाही.

---

ऱ्हाईनकाठी

इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण आता राहवत नाही. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला असतो. इथे ऱ्हाईन नदी ओलांडायला चार फेरीबोटी आहेत आणि एकीलाही इंजिन नाही! नदीवर आडवी तार बांधलेली, तिच्यावर सरकणारी कप्पी आणि कप्पीला दोराने बांधलेली लाकडी नाव. नावाडी फक्त नाव पाण्याला तिरकी धरतो आणि नदीच तिला पलीकडे ढकलत नेते. परत यायचं तर तिरकेपणा उलटा.

सरळरेषांना प्रश्न: हे "पाण्यात बसून" कसं समजवणार? संथ पाण्यातला वेग शून्य असलेली नाव नदी ओलांडते कशी?

---

सरळरेषा

अहाहा! पाण्यात बसा. पाणी स्थिर, आणि ती तार प्रवाहाच्या उलट्या दिशेने धावते आहे. धावणारी तार दोराने नावेला पाण्यातून ओढते आहे, आणि नाव तिरकी असल्यामुळे ओढली जाताना बाजूला सरकते. म्हणजे तुमच्या नावेला इंजिन आहे, फक्त ते काठाला बांधलंय. दोर तुटला की ती टोपीसारखी वाहत जाईल, कारण मग पाण्याच्या तुलनेत तिला वेग द्यायला कोणीच उरत नाही.

---

पैलतीर

एक व्यवहारातला मुद्दा राहिला. ही सगळी गणितं धरून चालतात की नदी काठापासून काठापर्यंत एकाच वेगाने वाहते. तसं नसतं. काठाशी पाणी मंद, मधोमध जोरात. म्हणूनच वल्ह्यांची होडी वर न्यायची तर काठाकाठाने नेतात आणि खाली येताना मधल्या धारेत सोडतात. असा वेग बदलत असेल तर दुसऱ्या गणिताचं काय होतं?

---

दर्यावर्दी

हे फार महत्त्वाचं. समजा काठाशी शून्य, मधोमध ३, आणि मधे परवलयासारखा वाढत जाणारा वेग. अशा नदीत सरासरी वेग मधल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २.

(अ) नाक सरळ समोर: वेळ १२० सेकंदच, कारण पलीकडे जाण्यात प्रवाहाचा हात नाहीच. वाहून जाणं ३६० ऐवजी २ × १२० = २४० मीटर.

(आ) समोरच्या धक्क्याला लागायचंय. इथे दोन मार्ग. एक, क्षणोक्षणी नाक कमी-जास्त वळवत काठावरून दिसणारी वाट अगदी सरळ ठेवायची. दोन, सरासरी २ धरून एकच कोन ठरवायचा, साधारण साडेतेवीस अंश, आणि शेवटपर्यंत तोच. दुसऱ्या मार्गात बोट आधी काठाजवळ प्रवाहाच्या वर सरकते, मधोमध खाली ढकलली जाते, पलीकडच्या काठाजवळ पुन्हा वर येते. काठावरून वाट नागमोडी दिसते. पण वेळ लागतो सुमारे १३१ सेकंद. पहिल्या मार्गाने, काठावरून सरळ दिसणाऱ्या वाटेने जाणाऱ्याला १३५ च्या आसपास.

---

शंकासुर

थांबा थांबा. नागमोडी जाणारा आधी पोचतो? काहीही!

---

दर्यावर्दी

नागमोडी तुम्हाला, काठावरून. त्याची बोट पाण्यातून सरळ रेषेतच गेली आहे, एकदाही वळली नाही. काठावरून सरळ दिसणारा मात्र पाण्यातून वाकडा गेलाय, म्हणून त्याला जास्त पाणी कापावं लागलं. इंजिन पाणी कापतं, नकाशावरची रेघ नाही.

इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचे मार्ग नकाशावर पाहा. इंग्लंडमधलं डोव्हर ते फ्रान्समधलं काप ग्री-ने सरळ अंतर ३३ किमीच्या आसपास, पण मार्ग इंग्रजी एस सारखा. भरती-ओहोटीचं पाणी साधारण सहा तासांनी दिशा बदलतं आणि पोहायला त्याहून जास्त वेळ लागतो. १९५९ मध्ये आरती साहा यांनी ही खाडी पोहली, ती पार करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पाणी आडवं वाहताना पोहणारा दर मिनिटाला ते भरून काढायला गेला तर दमून जाईल. पूर्ण प्रवासात पाणी एकूण किती आणि कुठे नेणार ते आधी मांडायचं आणि दिशा धरून चालायचं. शिडाच्या होड्यांवरही हेच शिकवतात.

---

परीक्षार्थी

माझ्या तीस सेकंदांच्या ट्रिकवरून धागा इंग्लिश खाडीत गेला! असो, वाचनखूण साठवली आहे. काठावरची, भाचीला एक गणित माझ्याकडून.

दोन बोटी, दोन्हींचा संथ पाण्यातला वेग तासाला ५ किमी, प्रवाह ३. एक वर जाते, एक खाली. तासाभराने दोन्ही वळतात आणि निघाल्या जागी परत येतात. आधी कोण पोचेल? दोनदा सोडवायचं: एकदा दोघी वाहत्या तराफ्यावरून निघाल्या असं धरून, एकदा काठावरच्या धक्क्यावरून.

---

काठावरची

तिचं उत्तर जसंच्या तसं टाकते:

"तराफ्याचं गणित म्हणजे टोपीच. दोघी तासाभराने एकदमच परत येतील, ५ आणि ३ दिले नसते तरी चाललं असतं. धक्क्याचं मात्र काठावरून करावं लागलं. वर गेलेली २ किमी गेली, ८ च्या वेगाने १५ मिनिटांत परत. खाली गेलेली ८ किमी गेली, २ च्या वेगाने परत यायला ४ तास. दादांना सांग, खालच्या बोटीला डबा द्या."

---

परीक्षार्थी

बरोबर. डब्याचे मार्क वेगळे.